शिसपेन्सिलीतलं ‘बो’

सर, आधी माफी मागतो. गेलेल्या माणसावर लिहायचा मान जवळच्यांचा असतो, नाहीतर मोठ्यांचा. मी दोन्हीत बसत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माणूस वारला की चौकात त्याचा फोटो लावून फ्लेक्स बांधायचा, एवढंच लिहिणं आम्हाला ठाऊक आहे. विभागाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा असं मला कुणी सांगितलेलंही नाही. मी आपणहून लिहितोय. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आणि तुमच्यावर लिहायचं सोडून तुम्हालाच लिहितोय. ‘ते असे होते, ते तसे होते’ असं एक पान लिहून पाहिलं, फाडून टाकलं. शिवाय आपलं भांडण अर्धवट राहिलंय. अर्धवट भांडण तिसऱ्या माणसाला सांगून मिटत नसतं.

शोकसभेत एकामागून एक सगळे म्हणाले की मुनीर सर अजातशत्रू होते. मी मागच्या बाकावर होतो. मला हसू आलं, आणि ते दाबताना रडूही आलं, त्यामुळं शेजारच्यानं काही विचारलं नाही. सर, तुमचं पटत कुणाशी होतं? लॅबचा फ्रीज महिनोन्महिने दुरुस्त होईना तेव्हा तुम्ही नमुन्यांची पेटी उचलून थेट ऑफिसच्या पंख्याखाली नेऊन ठेवली होती. वास सुटला, तेव्हा कुठं फ्रीजवाला आला. एकजण म्हणाले, सर मितभाषी होते. तुम्ही चहा सांगायला गेलात तरी चिलापी हा मासा आपल्याकडचा कसा नाही, हे चहावाल्याला समजावून यायचात. चहा सांगायचा राहून जायचा. मरण आलं की माणसाला गुळगुळीत करून ठेवायचं, ही कुठली रीत? मी ती पाळणार नाही. तुम्ही भांडखोर होता. मला तुम्ही तसेच पाहिजे.

पहिला तास आठवतो. ट्रेमध्ये तीन मासे ठेवले होते. एक अहिर, सापासारखा लांबलचक. एक वाम, तीही लांबट, तोंड टोकदार, पाठीवर बारके काटे. आणि तिसरी मरळ, जाडजूड, सापासारख्या डोक्याची, पण अंगानं सरळ साधा मासा. तुम्ही म्हणालात, यातले भावकीतले दोन कोण ते सांगा. मी उदगीर तालुक्यातल्या माळकरी घरातला पोरगा, आयुष्यात मासा हातात धरला नव्हता. पण दिसतंय ते दिसतंय. मी उठून म्हणालो, अहिर आणि वाम.

“तुझ्या गावात दोघं सारखा पटका बांधतात म्हणून ते सख्खे भाऊ होतात का?”

वर्ग हसला. मी बसायला लागलो, तर तुम्ही बसू दिलं नाहीत. दगडाच्या फटीत, चिखलात शिरून जगायचं म्हटलं की अंग लांबट होतंच, तो धंद्याचा पोशाख झाला, असं तुम्ही म्हणालात. रक्त पाहायचं तर आतली लिपी वाचावी लागते. आणि ती वाचली की कळतं, वाम अहिराची कुणीच नव्हे. तिचं जवळचं नातं मरळीशी.

माझा विश्वास बसला नाही. तुम्हाला ते आवडलं. तासानंतर थांबवून घेतलंत आणि पेपर तपासण्याचं उदाहरण दिलंत. ते मी आजही लॅबमधल्या नव्या पोरांना सांगतो. दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर काही सिद्ध होत नाही. चूक सारखी आली, की समजायचं दोघांनी एकाच कागदावरून उतरवलंय. माशाच्या प्रत्येक पेशीत चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब मजकूर असतो. तो पिढ्यान् पिढ्या उतरवला जातो, उतरवताना चुका होतात. ज्या दोन माशांत त्याच त्या चुका त्याच त्या जागी सापडतात, त्यांचा मूळ कागद एक.

“पण एका चुकीवर कुणाला पकडायचं न्हाई, बेटा. हजार जागी जुळली, की मग धर.”

त्या वाक्यावर माझं सगळं शिक्षण उभं आहे, आणि पुढं त्याच वाक्यानं मी तुम्हाला धरलं.

घरी सांगितलं की मी माशांवर संशोधन करणार. वडील म्हणाले, “मासा शिवू नको म्हणून गळ्यात माळ घातलो तुला, अन् तू मास्याची डिग्री करायलास?” मी म्हणालो, खायचा नाही, वाचायचा आहे. त्यांना ते पटलं नाही. तेव्हापासून मी नांदेडहून गावी गेलो की आई अंगणातच पाण्याची बादली ठेवते. मी आंघोळ करून आत जातो. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खो खो हसलात आणि म्हणालात, आमच्या घरी उलटं आहे, मी मासे आणतो आणि खाऊ देत नाही म्हणून बायको बाहेर उभं करते.

तुमचं घर देगलूरला, म्हणून नमुने गोळा करायची सुरुवात तिथल्या बाजारापासून झाली. त्या बाजारात गिऱ्हाईक बदललं की मासेवालीची भाषा बदलते. मराठी माणूस आला की टोपलीतली ‘वाम’, तेलंगणाकडचा आला की तीच ‘बोम्मिडाय’. मी भोळेपणानं विचारलं, मावशी, दोन्हीत फरक काय? ती म्हणाली, “फरक कशाचा ओ? गिऱ्हाईकाचं तोंड बघायचं अन् नाव सांगायचं.” तुम्हाला हे इतकं आवडलं की पुढं तोच आपला खेळ झाला. धरलेल्या प्रत्येक वामेच्या मांसाचा बारका तुकडा आपण अल्कोहोलच्या कुपीत ठेवायचो. नांदेडला गोदावरीत जी धरली तिच्या कुपीत तुम्ही ‘वा’ लिहिलेली चिठ्ठी टाकायचात. लेंडी नदीत, देगलूरच्या बाजूला धरली तिच्यात ‘बो’. लिहायची शिसपेन्सिलीनं, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि पेन्सिल राहते. तेव्हा तुमच्या हाताला कंप सुटायला लागला होता. ‘बो’चा काना कधी कधी पाण्यात पडलेल्या सावलीसारखा दिसायचा. मी लिहितो म्हणालो तर तुम्ही पेन्सिल दिली नाहीत.

मासा एकच आहे, दोन जाती नव्हेत, याबद्दल तुमच्या मनात शंका नव्हती. लेंडी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. पाणी एक, मासा एक. पाठीवरचे काटे मोजले, शेपटी मोजली, सगळं तेच. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून तुम्ही हे लिहीत आला होता. मग आपण आईकडून येणारा तुकडा वाचला. पेशीतला तो छोटा मजकूर फक्त आईकडून पोरांना मिळतो, बापाचा त्यात काही संबंध नसतो. तिथंही ‘वा’ आणि ‘बो’ एकच निघाले. तुम्ही म्हणालात, झालं, मिटलं, आईचं रक्त खोटं बोलत नाही.

मी मात्र सगळा मजकूर वाचायला पाठवून बसलो होतो, एक तुकडा नव्हे, जीनोमभर विखुरलेल्या हजारो जागा. ते परत आलं. मी झाड उभं केलं, म्हणजे कोणती फांदी कुठून फुटली त्याचं चित्र. ‘बो’ एकीकडं, ‘वा’ दुसरीकडं, मधे रुंद फट. मोडलं, पुन्हा उभं केलं. तेच.

ते चित्र घेऊन तुमच्या टेबलाजवळ उभा राहिलो. वडिलांसमोर मी आजवर ‘नाही’ म्हणालेलो नाही, आमच्यात म्हणत नाहीत. तुमच्यासमोर ते म्हणायला मला पूर्ण आठवडा लागला.

तुम्ही चित्र पाहिलं, चष्मा काढला. “बालाजीराव,” म्हणालात. ‘राव’ लागला की चिडलात हे सगळ्या लॅबला ठाऊक होतं. “मशीनला माशाचा वास येतो का?”

मी हेळव्याचं उदाहरण दिलं. आमच्या गावात वर्षाआड हेळवी येतो. बैलावरून उतरतो, ओट्यावर बसतो आणि आमच्या घराण्याची वंशावळ सांगतो, बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. बाईचं नाव त्यात नसतं. मी म्हणालो, सर, तुमचा तो आईकडचा तुकडा म्हणजे उलटा हेळवी. तो फक्त आई, आईची आई, तिची आई सांगतो. मग माझ्या वडिलांच्या आईनं जायचं कुठं? ती बीदरकडची, कन्नडमध्ये शिव्या द्यायची. हेळव्याच्या वंशावळीत ती नाही, कारण बाई. माझ्या आईकडच्या तुकड्यात ती नाही, कारण ती बापाची आई. दोन्ही झाडांत तिचं पान नाही. पण माझे कान बघा, सर. हे कान तिचे आहेत.

तुम्ही खरंच माझे कान बघितलेत.

मग मी घाईघाईनं बाकीचं सांगितलं. फार मागं कधीतरी गोदावरीकडच्या काही माद्या लेंडीत शिरल्या असतील. त्यांचं ते स्त्रीधन तेवढं लेकीकडून लेकीकडं चालत आलं, बाकी अंग लेंडीचंच राहिलं. म्हणून आईचा तुकडा म्हणतो एक आणि सगळा जीनोम म्हणतो दोन. तुम्ही म्हणालात, ही गोष्ट छान आहे, पण गोष्ट आहे. मी म्हणालो, हजार जागी जुळलं की धर, असं तुम्हीच म्हणाला होता. तुम्ही म्हणालात, खामखा माझं वाक्य मला विकू नको. आणि मग दोघांनाही हसू आलं. तरी तुम्ही मानलं नाहीत ते नाहीतच.

त्यानंतर तुम्ही आजारी पडलात आणि देगलूरला अंथरुणावर होता तेव्हा माझी प्रगती तपासायला समिती बसली. बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी झाड पाहिलं, मग कुप्यांचे फोटो मागितले. ते वाईट माणूस नव्हते, आवाजही चढवला नाही. म्हणाले, एकाच माशाला दोन नावं का? ‘वा’ काय, ‘बो’ काय? ज्यानं चिठ्ठ्या लिहिल्या त्याला आपण काय धरलंय हेच ठाऊक नव्हतं असं दिसतं. मग म्हणाले, सरांबद्दल आदर आहे, पण हात इतका थरथरतो त्या माणसाकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. दुसऱ्याच कुठल्या माशाचे तुकडे मिसळले असतील. लेंडीचे नमुने काढून टाका, उरलेल्यावर प्रबंध होतो.

देगलूरच्या बाजारातला विनोद मी तिथं कसा सांगणार? कार्यपद्धतीच्या प्रकरणात त्याला जागा नसते. मी एवढंच म्हणालो की नमुने काढणार नाही. का, तर मी तिथं होतो. ते म्हणाले, हा पुरावा नव्हे. त्यांचं बरोबर होतं. पण मी तेच परत म्हणालो. शेवटी विभागप्रमुखांनी मधला रस्ता काढला. लेंडीतून नवे मासे धरा, अख्खे जपून ठेवा, नव्यानं वाचा. निकाल जुळला तर नमुने राहतील. नाही जुळला तर ते जातील, आणि जुन्या चिठ्ठ्या चुकल्या होत्या असं प्रबंधात स्पष्ट लिहावं लागेल. म्हणजे तुम्ही चुकला होता असं, तुमच्याच विद्यार्थ्याच्या हातानं.

एसटीनं देगलूरला येताना सगळ्या वाटेत मी एकच विचार करत होतो. तो आज लिहितो, कारण तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्हाला सुटायला किती सोपं होतं, सर. तुम्ही नुसतं म्हणायचं, असेल बाबा, माझा हात थरथरतो, झाली असेल अदलाबदल. बस्स. चिठ्ठ्या चुकल्या की माझी फट मिटली. फट मिटली की मासा एक. तुमचं आयुष्यभराचं म्हणणं खरं. नुसत्या एका ‘असेल’वर तुम्ही जिंकला असता, आणि आजारी माणसाला कुणी नावही ठेवलं नसतं.

तुम्ही उशाला टेकून बसला होता. नसरीन आपा, तुमची थोरली लेक, चहा बशीत ओतून तुम्हाला पाजत होत्या. मी समितीचं सांगितलं. तुम्ही बशी बाजूला सारलीत, चहा चादरीवर सांडला.

“माझं म्हणणं चूक असेल,” तुम्ही म्हणालात. “चिठ्ठी चूक न्हाई.”

मी म्हणालो, सर, पण चिठ्ठी बरोबर असेल तर तुमचं म्हणणं...

“मला अकल हाय, बालाजीराव. हिशेब मला कळतो.” मग दम घेतलात. “मी अजून मानत न्हाई तुझं. मासा एकच हाय. पण ते पाण्यात जाऊन बघायचं. माझ्या हातावर ढकलायचं न्हाई. कुणीच.”

आपा मला म्हणाल्या, “अब्बांना आता बोलवू नको.” तुम्ही त्यांना म्हणालात, “तू जा त्याच्यासंगं. तुझं अक्षर सरळ हाय.”

म्हणून आम्ही दोघं लेंडीवर गेलो. भोई लोकांनी सकाळी जाळी ओढली तेव्हा मी कमरेएवढ्या पाण्यात होतो आणि नसरीन आपा बुरख्याची बाही वर सारून काठावर दगडावर बसल्या होत्या, मांडीवर कुप्या. एक वाम माझ्या हातातून दोनदा निसटली. आपा म्हणाल्या, “माळकऱ्याच्या हातात मासा बी राहीना.” मग त्यांनी चिठ्ठी पुढं धरली, पेन्सिल टेकवली आणि विचारलं, काय लिहू? समितीनं सांगितलं होतं, नीट क्रमांक घाला, नीट शास्त्रीय नाव घाला. मी दोन्ही सांगितलं. आणि मग म्हणालो, आपा, वरती ‘बो’ लिहा.

त्यांनी लिहिलं. काना सरळ आला. मला तो वाकडाच बरा वाटत होता.

नमुने वाचायला गेले. निकाल यायच्या आत तुम्ही गेलात. मातीला मी होतो. मूठभर माती मीही टाकली, हे घरी सांगितलं. त्या दिवशी आईनं अंगणात बादली ठेवली होती, पण वडीलच म्हणाले, “राहू दे, आत येऊ दे त्याला.” मग जेवताना विचारलं, “मास्तर गेले, मग त्यांच्या त्या वामेचं आता कोण बघायलंय?” मी म्हणालो, मी.

शोकसभा झाल्यावर विभागप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. त्यांना माझी काळजीच होती. म्हणाले, आता वाद कशाला, सर तर गेले, नमुने काढ, नव्या मार्गदर्शकाकडं नाव लाव, वर्षाच्या आत मोकळा होशील. घरचा पहिलाच शिकणारा आहेस, डिग्री हातात पडू दे. मी हात जोडले आणि नाही म्हणालो. सर, ते ‘नाही’ म्हणायला मला आठवडा लागला नाही. लगेच आलं. तेव्हा कळलं, तुम्ही मला मासे कमी आणि हे जास्त शिकवलंत. मोठ्या माणसासमोर मान खाली घालूनही ‘नाही’ म्हणता येतं. याबद्दल आभार मानायचे राहिले. तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही खिडकीबाहेर बघायचात.

तुमची जागा अजून कुणाला दिलेली नाही. तुमची पेन्सिल फळ्याच्या कडेला आहे. कुणी उचलायला गेलं तर मी उठून उभा राहतो, एवढंच करतो. लोक ठेवून देतात.

काल दुपारी निकाल आला. मी झाड एकट्यानं उभं केलं नाही. आपांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोनचा कॅमेरा संगणकाच्या पडद्याकडं केला. आपा म्हणाल्या, मला यातलं काही कळत नाही, नुसतं सांग. मी सांगेपर्यंत फांद्या उमटल्या होत्या. आम्ही धरलेल्या नव्या वामा जाऊन तुमच्या जुन्या कुप्यांच्या फांदीवर बसल्या, अगदी खेटून. गोदावरीच्या सगळ्या दुसरीकडं. मधली फट जागची हलली नाही. झाड मोडून पुन्हा उभं केलं. वेगळ्या पद्धतीनं केलं. तेच.

मी समितीला कळवलंय. आता पुन्हा नमुने काढा म्हणाले तर मी पुन्हा नाही म्हणणार आहे. चिठ्ठी एकही चुकलेली नव्हती, असं प्रबंधात लिहितोय, पहिल्याच प्रकरणात. थरथरत्या हातानं लिहिलेली एकूण एक चिठ्ठी ज्या माशाची त्याच माशात होती.

तुम्ही हरलात, सर. हे वाक्य तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं मला. तुम्ही ‘बालाजीराव’ म्हणायला पाहिजे होतं. इतक्या दिवसांनी भांडण जिंकलो, आणि समोरची खुर्ची रिकामी. अशा जिंकण्याला काय करायचं? म्हणून मी हे मिटलं असं मानतच नाही. तुम्ही आता काय काय हरकती काढल्या असत्या ते मी लिहून काढतोय आणि एकेकीला उत्तर देतोय. कधी कधी उत्तर सापडत नाही. तेव्हा तुम्ही जिंकता.

आणि एक. तेलंगणात दोन्हींना बोम्मिडायच म्हणतात, हे मला ठाऊक आहे. बाजारात नुसतं तोंड बघून नाव सांगतात, हेही ठाऊक आहे. पण मासा एकच आहे असं आयुष्यभर म्हणणाऱ्या माणसानं, स्वतःच्या हातानं, एकदाही न चुकता, त्या दोघींना दोन वेगळी नावं दिली होती. चेष्टेत दिली असतील. काल ती चेष्टा खरी झाली. लेंडीतली ती वाम नाही, सर. ती बोम्मिडाय आहे.